तंतोतंत पांढरं

कमळ पिवळं होतं. आधी तिला वाटलं, उन्हाची तिरीप असेल. मग वाटलं, नव्या डोळ्याला अजून सवय नाही. सकाळीच दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उजव्या डोळ्यावरचं झाकण काढलं होतं. मोतीबिंदू काल निघाला होता, आणि तिथून घरापर्यंत टॅक्सीत तिची मान नुसती इकडून तिकडे फिरत होती. झाडांना पानं होती, म्हणजे एकेक पान सुटं होतं. टॅक्सीवाल्याच्या कॉलरला मळ होता. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या गालावर सुरकुत्यांचं एवढं जाळं कधी झालं, हे तिनं त्याला विचारलंसुद्धा, आणि तो म्हणाला होता, "तू बघत नव्हतीस तेव्हा." इथवर सगळं गमतीचं होतं. पण घरी येऊन ती मागच्या अंगणात तळ्याकाठच्या वेताच्या खुर्चीत टेकली, काळा चष्मा कपाळावर सरकवला, आणि समोर, तांबड्या आणि गुलाबी कमळांच्या मधोमध, तिचं पांढरं कमळ पिवळं होतं. तिनं बोट लागू न देता डोळ्यापुढे हात आडवा धरला. डाव्या, जुन्या डोळ्यानं पांढरं. मग हात दुसरीकडे नेला. उजव्या डोळ्यानं पिवळं. फिकट, कोवळ्या मक्याच्या दाण्याइतकं, पण पिवळं. पुन्हा पांढरं, पुन्हा पिवळं. पाण्यावर मात्र काहीच हललं नव्हतं.

"काय गं, दुखतंय का?" नवऱ्यानं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"नाही. ऊन लागतंय."

"मग चष्मा लाव की. त्यासाठीच दिलाय ना?" तो बाहेर आला तो दोन्ही हातांत एक बादली सांभाळत, आणि चेहऱ्यावर काहीतरी लपवून ठेवल्याचा आनंद. "दाखवणार नव्हतो आत्ता, पण मला दम निघेना. काल तू आत होतीस ना ऑपरेशनला, तेव्हा बाहेर बसून जीव घाबरा व्हायला लागला, म्हणून रोपवाटिकेत जाऊन आलो. हे बघ." बादलीत एक नवं रोप होतं, चार पानं आणि एक अर्धी उमललेली कळी, अंड्याच्या बलकासारखी भडक. "पिवळं! हे असलं पिवळं की बोट ठेवायला जागा नाही. आज तुझं ते पांढरं काढतो नि त्याच्या जागी हे बसवतो. बेकरीवाला संध्याकाळी येतोय, त्याच्या अंगणातल्या टाकीत लावणार म्हणाला ते पांढरं. तू फक्त बसून बघायचं. वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. मी जुनी पँट घालून आलोच." आणि तो आत गेला. जुनी पँट शोधायला त्याला किती वेळ लागतो, हे तिला चांगलं माहीत होतं. तेवढाच वेळ तिच्या हातात होता.

एक वाक्य पुरलं असतं. अहो, राहू द्या, हे पिवळंच आहे, तुमचंच खरं होतं. एवढं म्हटलं की कमळ जागच्या जागी राहिलं असतं. चौथ्याला तळ्यात जागा नव्हती. निम्म्याहून जास्त पाणी पानांनी झाकलं की खालच्या पाण्याचा जीव गुदमरतो, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. आणि एकदा उपटून दुसऱ्याच्या टाकीत गेलेलं कमळ परत मागायचं म्हणजे बेकरीवाल्यासमोर शोभा. तेव्हा बोलायचं तर आत्ताच. पण वाक्य ओठापर्यंत येई आणि बसून राही. हरल्याची लाज वाटत होती असं नाही, म्हणजे थोडी वाटत होती, नाही कशाला म्हणा. पण तिला अडवत होती ती वेगळीच गोष्ट. तिला एका आवाजाची आठवण झाली होती.

तळं त्याचं. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं, उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोगद्यांत दोरखंडांना तेल देण्यात. निवृत्त झाल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल तर मागच्या अंगणात खड्डा खणला. माणसाला सवयच ती, ती तेव्हा म्हणाली होती. पहिल्या वर्षी त्यानं सगळं चुकवून दाखवलं. कुंड्यांत हलकी, भुसभुशीत, पिशवीतली माती घातली, ती सगळी वर तरंगली आणि तळ्याचा चहा झाला. हौसेनं कारंजं बसवलं, आणि अंगावर सतत शिंतोडे उडाल्यामुळे कमळं रुसली. त्यांना निवांत पाणी लागतं. मग तो शहाणा झाला. बागेतली चिकट, जड माती आणली, रुंद टोपल्या आणल्या, गड्डा टोपलीच्या कडेला आडवा निजवून त्याचं टोक तेवढं मातीबाहेर ठेवायला शिकला, वर खडी पसरायला शिकला. टोपली आधी विटांच्या चवडीवर, पाण्याच्या पातळीजवळ, आणि पानं जसजशी वाढतील तशी एकेक वीट काढत ती खाली सोडायची. हे काम तो इतक्या हळुवारपणे करी की तिला हसू येई. लिफ्टच सोडताय का खाली, ती विचारायची. थंडी सोसणारी जात होती ती. हिवाळ्यात वर बर्फाचा पापुद्रा धरे, पानं कुजून जात, आणि गड्डे खाली चिखलात मुकाट पडून राहत. वसंतात पहिलं तांबूस पान, वळकटी केलेलं, वर आलं की तो तिला हाक मारी. खरं तर ही लिली. कमळाची पानं पाण्याबाहेर मान काढतात, हिची पाण्यावर लोळत असतात. पण घरात सगळे कमळच म्हणत आणि लिलीलाही त्याचं काही वाटत नसावं.

तांबडं झालं, गुलाबी झालं, तेव्हा ती म्हणाली होती, मला एक पिवळं हवं. त्यानं आणलं. कळी आली, आणि एका सुट्टीच्या दिवशी सकाळी उशिरा, कमळांच्या उठण्याच्या वेळेला, ती उमलली. "पांढरं आहे," ती म्हणाली. "पिवळं आहे की गं," तो म्हणाला. "तुम्हाला फसवलंय त्यांनी. पांढरं देऊन पिवळं म्हणून सांगितलं." "अगं, डोळे तपासून घे." आता हे तिला बोलायचं म्हणजे फारच झालं. ती रफूचं दुकान चालवत होती. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर, ती असं बुजवी की गिऱ्हाईक स्वतः भोक शोधत बसे. शंभर राखाडी रंगांतला नेमका राखाडी ती डब्यातून न बघता उचलायची. आणि हा लिफ्टवाला तिला रंग सांगणार! सबंध उन्हाळा ते भांडले. मुलगी राहायला आली होती, तिला न्यायाधीश केलं, तर ती तळ्याकडे न बघताच म्हणाली, "मला दोघांच्याही हातचं खायचंय," आणि आत निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात कुरबुर राहिली. आणि त्याच्या पुढच्या, की त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात, तिनं सवयीनं टोमणा मारला, "आलं बघा तुमचं पिवळं," तर तो काठावर उकिडवा बसून बराच वेळ फुलाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "हो. पांढरंच आहे." ती जिंकली होती. त्या दिवशी तिनं त्याच्या आवडीचं सूप केलं होतं, हेही तिला आठवलं. तेव्हापासून ते तिचं पांढरं कमळ झालं.

आता आवाजाचं. मुलगी लहान असताना ती तिघं एका मोठ्या दुकानात गेली होती, आणि तिथली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक गृहस्थ होता आणि तो दारावर मुठी आपटून ओरडत होता. नवरा सुट्टीवर, हातात मुलीचा फुगा. त्यानं फुगा हिच्याकडे दिला, फरशीवर मांडी ठोकून बसला, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि खालच्या, सावकाश आवाजात बोलू लागला. हो. बरोबर आहे तुमचं. हो, कंपनी चोर आहे. हो, तक्रार करायलाच हवी. हवा चांगली आहे आत, काळजी नको. बसा जरा. बोलता बोलता तो एका हातानं कसलीशी कळ शोधत होता. गृहस्थ शांत झाला, मग रडला, मग त्यानं स्वतःच्या आईबद्दल काहीतरी सांगितलं, आणि दार उघडलं. "तुला पटत होतं का रे सगळं त्याचं?" तिनं घरी जाताना विचारलं होतं, तेव्हा ती त्याला अरे-तुरे करायची. तो म्हणाला, "अडकलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. हो म्हणत राहायचं आणि आपलं काम करत राहायचं." किती वर्षं तिनं ही गोष्ट कौतुकानं लोकांना सांगितली होती. आज पहिल्यांदा ती गोष्ट तिच्याकडे तोंड करून उभी राहिली. हो. पांढरंच आहे. त्या दिवशी काठावर उकिडवा बसून तो हे कुठल्या आवाजात म्हणाला होता?

खालच्या, सावकाश आवाजात. आता तिला खात्रीच वाटू लागली. आणि एका होकारामागून दुसरे होकार निघू लागले, टोपली ओढली की तळातला चिखल वर येतो तसे. दुकान बंद करण्याआधीच्या वर्षी तिनं एका गर्द निळ्या कोटाला काळ्या दोऱ्यानं रफू केलं होतं. गिऱ्हाईक परत आलं. ती त्याच्याशी भांडली, आणि घरी येऊन म्हणाली की हल्लीचे बल्बच वाईट, त्यांत निळा दिसतच नाही. नवरा म्हणाला होता, "हो, बल्ब वाईटच आहेत." आणि रविवारी स्टूल घेऊन त्यानं दुकानातले सगळे बल्ब बदलले होते. सगळे! डॉक्टरचं नाव काढलं नव्हतं. एकदाच काढलं होतं आधी, आणि ती अशी काही भडकली होती की त्यानं पुन्हा काढलं नसावं. मग दुकान बंद करायचं ठरवलं तेव्हा, "हो, पुरे झालं आता." बैठकीच्या खोलीला तो उदास हिरवा रंग दिला तेव्हा, "हो, छान दिसतोय." मी जाड झालेय का, या प्रश्नाला तर त्यानं कायम इतका झटपट नकार दिला होता की तो होकाराच्याच घराण्यातला म्हणायचा. म्हणजे इतकी वर्षं ती आत बसून दारावर मुठी आपटत होती आणि तो बाहेर मांडी ठोकून, हो हो म्हणत, एका हातानं आपलं काम करत होता? प्रेमानं हो म्हणणारा माणूस आणि शहाणपणानं हो म्हणणारा माणूस, यांतला आपल्या घरात कोण राहतोय, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं होतं.

पण रागही धड येईना. ऊन पाठीवर उबदार होतं. नव्या डोळ्यानं पाण्यातले मासे दिसत होते, एकेका माशाच्या पाठीवरचे खवलेसुद्धा, आणि पानाच्या कडेवर बसलेला एक बारकासा बेडूक, ज्याचा गळा सारखा हलत होता. बेडूक इथं राहतो हेच तिला माहीत नव्हतं. गुलाबी फुलात जांभळी झाक होती. तांबड्याच्या शेजारी कालचं फूल मान टाकून पाण्याखाली निघालं होतं. चार दिवस उघडझाप करायची आणि मग गुपचूप खाली जायचं, असा त्यांचा रिवाज. सगळं इतकं नीटनेटकं, इतकं स्वच्छ दिसत होतं की दुःखी होणं जमत नव्हतं. इतकी वर्षं कोणी आपल्याला सांभाळून घेतलं, तर त्यात रडण्यासारखं काय आहे? काहीच नाही. फक्त तिला एकदा खरं कळायला हवं होतं.

तो आला. जुनी पँट, गमबूट, डोक्यावर टोपी उलटी. पाण्यात उतरताना त्यानं नेहमीसारखं "हुश्श" केलं, खाली वाकून खांद्यापर्यंत हात बुडवला, चाचपडत टोपलीच्या कडा धरल्या आणि ओढली. चिखलाचा वास वर आला. पाणी गढूळ झालं, मासे पळाले, आणि टोपली वर आली, लांबलचक देठांचा गुंता लोंबत, पानं ओली आणि लुळी, आणि त्यांच्यावर ते फूल, आडवं, उघडं. त्यानं टोपली काठावर टेकवली आणि मुळं सोडवायला चाकू उचलला.

"थांबा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"आतून माझा दोऱ्यांचा डबा उघडा आणि त्यातलं पांढरं रीळ आणा."

"आत्ता? अगं, चिखल झालाय सगळा."

"आणा हो. फुलाला लावून बघायचंय."

रफूचा नियमच होता तो. रंग कोणाला विचारायचा नाही, दोरा कापडावर लावायचा. दिसेनासा झाला की तो रंग. तो पुटपुटत बूट काढून आत गेला. लादीवर त्याच्या ओल्या पावलांचा आवाज तिला ऐकू येत होता, मग डब्याचं झाकण, मग शांतता. तिनं एवढंच ठरवलं होतं की दोरा तो फुलावर धरेल तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायचं. पांढरा दोरा पिवळ्या पाकळीवर उठून दिसेल आणि तरी तो हो म्हणेल, किंवा अडखळेल. नव्या डोळ्याला सुरकुत्या दिसतात, तर अडखळणंही दिसेल.

"हे घे पांढरं," तो परत येऊन म्हणाला, आणि ओल्या तळव्यावर रीळ पुढे केलं.

रीळ पिवळं होतं. फिकट, लिंबाच्या रंगाचं, लोकरी शालींसाठी तिनं आणलेलं. तिनं उजव्या डोळ्यापुढे हात धरला, पांढरं. हात काढला, पिवळं. "डब्यात हे एवढंच होतं पांढरं?" तिनं विचारलं. "अजून एक होतं. तेही असंच. का, चुकीचं आणलं का?" त्यानं रीळ डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि मग त्यानं आपणहून एक वीतभर दोरा सोडवला आणि फुलाच्या पाकळीवर ठेवला, तिला दुकानात करताना त्यानं शेकडो वेळा पाहिलं असेल तसा. दोरा नाहीसा झाला. दोन्ही डोळ्यांना नाहीसा झाला. "बघ," तो खूश होऊन म्हणाला. "दोरा कुठे आहे, सांग. तंतोतंत पांढरं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथं सुरकुत्या होत्या, कपाळावर चिखलाचा एक ठिपका होता, आणि बाकी काही नव्हतं. अडखळणं नाही, सावकाश आवाज नाही. डोळ्यांच्या बाहुल्यांत मात्र, आत खोल, काहीतरी दुधाळ होतं. "तुम्ही तर पिवळं म्हणत होता," ती म्हणाली.

"म्हणत होतो खरा. मग एका वर्षी नीट बसून बघितलं, तर पांढरं. म्हटलं, हिचंच खरं. रंगातलं हिला कळतं, आपल्याला काय कळतंय!"

"माझं मन राखायला नाही ना म्हणालात?"

"मन राखायला?" तो हसला. "सबंध उन्हाळा भांडलोय मी तुझ्याशी. मन राखायचं असतं तर पहिल्याच दिवशी हो म्हणालो नसतो? तेवढी तरी अक्कल आहे मला."

तिला एकदम इतकं हलकं वाटलं की खुर्चीचा हात धरावा लागला. तो दारापलीकडे नव्हताच. तो आतच होता, तिच्याबरोबर अडकलेला, त्याच अंधुक उजेडात, आणि तिथून त्याला जे दिसलं तेच तो बोलला होता. हिरवा रंग त्याला खरोखरच छान वाटला असेल. बल्बही खरोखरच वाईट वाटले असतील, कोणी सांगावं. आणि नसतील वाटले, तर नसोत. एक होकार खरा निघाला होता, तोही चुकीच्या रंगाचा, आणि तेवढा तिला पुरणार होता. तिला रडूही आलं, पण डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून तिनं ते आवरलं. "ते परत खाली ठेवा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला माझं पांढरं हवंय. ते भडक बेकरीवाल्याला द्या. तो खूश होईल."

"अगं, पण तुला पिवळं हवं होतं ना! एवढं हौसेनं आणलं मी."

"हवं होतं. पण हे आपलं आहे. ठेवा बघू, उन्हात मुळं सुकतायत."

तो तिच्याकडे, बादलीकडे, पुन्हा तिच्याकडे पाहत राहिला. मग बायकांचं काही खरं नाही अशा अर्थाचं काहीतरी माशांना सांगत पुन्हा पाण्यात उतरला. टोपली त्यानं हळूहळू, दोन्ही हातांनी, तळाला बसवली. पानं एकेक करून पाण्यावर पसरली, फूल डुलत डुलत सरळ झालं. गढूळपणा बसायला वेळ लागणार होता. "पुढच्या आठवड्यात मला डोळा दाखवायला जायचंय," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हीही दाखवून घ्या. माझा डावा थांबेल थोडा, आधी तुमचं बघू."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत." तो काठावर बसून हातांचा चिखल धूत होता. "पांढरं ते पांढरं दिसतंय की मला."

आता सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर त्यानं फुलाकडे पाहिलं असतं, ते त्याला पांढरंच दिसलं असतं, आणि केवळ तिला रंगातलं कळतं म्हणून त्यानं मान हलवली असती. तसं नको. एका सकाळी तो टॅक्सीतून घरी येईल, तिच्या गालांबद्दल काहीतरी आगाऊपणा करील, या खुर्चीत टेकेल, आणि कमळ पिवळं असेल. ते त्याचं त्यालाच दिसू दे. आपण पहिल्यापासून बरोबर होतो, हे त्याचं त्याला सापडू दे. तोवर तिचा डावा डोळा होताच, त्याला काय दिसतंय ते बघायला. तिनं उजव्या डोळ्यापुढे हात धरला आणि पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "पांढरंच आहे." आवाज खालचा आणि सावकाश निघाला, तिला स्वतःलाच ऐकू आला. त्याचं लक्ष नव्हतं. तो नखांतला चिखल काढत होता. तिनं शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "हवा चांगली आहे. बसा जरा."